रस्त्याच्या नावाचा किताब: ठाणे-नवी मुंबईत महामार्गासाठी सौंदर्यस्पर्धा कशी भरवावी

ज्या गृहसंकुल महासंघाला, महिला मंडळाला किंवा सामाजिक संस्थेला जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात पथनाट्य, चित्रकला स्पर्धा आणि बिनाहेल्मेट चालकांना गुलाबपुष्प देण्यापलीकडे काही करावयाचे आहे, तिच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. कल्पना साधी आहे. एखाद्या रस्त्याच्या नावाने सौंदर्यस्पर्धा भरवावी, विजेतीला त्या रस्त्याचा किताब द्यावा आणि वर्षभर तिच्या तोंडून त्या रस्त्याची गोष्ट लोकांपर्यंत व अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवावी. ‘मिस घोडबंदर रोड’ हे शब्द प्रथम ऐकणाऱ्याला हसू येते, आणि ते येऊ द्यावे, कारण त्या हसण्यामुळेच वार्ताहर सभागृहात येतात. मात्र किताबाचा उपयोग रस्त्याला झाला पाहिजे, आयोजकाला किंवा प्रायोजकाला नव्हे, ही अट सुरुवातीलाच मान्य नसेल तर या भानगडीत पडू नये. पुढचा प्रत्येक निर्णय याच अटीवर तपासून घेतला आहे.

असे किताब आले कोठून

विचित्र किताबांची खरी पैदास अमेरिकेतली आहे. ‘मिस अमेरिका’ ही स्पर्धासुद्धा १९२१ मध्ये ॲटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावाने सुरू केली ती उन्हाळा सरल्यावरही पर्यटक थोडे दिवस टिकून राहावेत म्हणून. म्हणजे मुळातच तो जाहिरातीचा खटाटोप होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही युक्ती इतकी रुळली, की १९५५ मध्ये एक ‘सॉसेज क्वीन’ गळ्यात सॉसेजच्या माळा घालून छायाचित्राला उभी राहिली आणि १९५७ मध्ये लास व्हेगसमध्ये अणुस्फोटाच्या ढगाच्या आकाराचा कापूस पोशाखावर लावलेली ‘मिस ॲटॉमिक बॉम्ब’ झळकली. ज्या वस्तूला स्वतःचा चेहरा नाही, तिला एक चेहरा मिळवून देणे हेच या सर्व किताबांचे काम होते.

रस्ता ही अशीच बिनचेहऱ्याची वस्तू आहे. तो लांब असतो, सपाट असतो आणि वृत्तपत्राच्या दोन स्तंभांच्या चौकटीत मावत नाही. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणण्याचे काम हाती घेतले गेले आणि पुढची कित्येक वर्षे फिती कापण्याचे समारंभ होत राहिले. १४ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी डेलावेअर आणि मेरीलँड या राज्यांच्या सीमेवर नव्या महामार्गाचे उद्घाटन केले, तेव्हा त्या ऐतिहासिक मेसन-डिक्सन सीमारेषेच्या नावावरून ‘मिस मेसन’ आणि ‘मिस डिक्सन’ अशा दोन तरुणी समारंभाला उभ्या केल्या होत्या. आठच दिवसांनी केनेडींची हत्या झाली आणि पुढे त्या रस्त्याला त्यांचेच नाव मिळाले. त्या दोघींकडे फितीजवळ उभे राहण्यापलीकडे काम नव्हते. मोटारींच्या जगात याच दशकात लिंडा वॉन या ‘मिस हर्स्ट गोल्डन शिफ्टर’ झाल्या. गिअरचा दांडा बनवणाऱ्या कंपनीचा हा किताब त्यांनी शर्यतीच्या मैदानांवर मोटारीवरच्या अवाढव्य सोनेरी दांड्याशेजारी उभे राहून मिरवला.

आपल्या कामाचे उदाहरण मात्र या सर्वांत निराळे आहे आणि ते रस्त्याचे नसून भुयारी रेल्वेचे आहे. न्यूयॉर्कमध्ये १९४१ ते १९७६ या काळात ‘मिस सबवेज’ हा किताब दिला जात असे. गाड्यांमधल्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या कंपनीने तो सुरू केला होता आणि हेतू उघड होता: प्रवाशाची नजर जाहिरातीच्या पट्टीकडे वळावी. निवडलेल्या मुलीचे छायाचित्र डब्याडब्यांत लागे आणि त्याखाली ती काय काम करते, तिला कशाची आवड आहे, पुढे काय व्हायचे आहे हे चार ओळींत लिहिलेले असे. कारकून, टेलिफोनवर बसणाऱ्या, विद्यार्थिनी अशा रोज त्याच गाडीतून जाणाऱ्या मुली त्यात होत्या. १९४८ मध्ये थेल्मा पोर्टर या कृष्णवर्णीय तरुणीला हा किताब मिळाला. त्या काळी ‘मिस अमेरिका’च्या मंचावर अशी मुलगी दिसत नव्हती. नंतरच्या काळात प्रवाशांनी पोस्टकार्डावर मते पाठवून निवड करण्याची पद्धतही आली. प्रवासिनीलाच प्रवासाचा चेहरा करावे ही यातली उचलण्याजोगी गोष्ट आहे, आणि ठाण्या-वाशीत तिची उणीव नाही.

रस्ता निवडणे

स्पर्धक, मंच, मुकुट या सर्वांच्या आधी रस्ता ठरवावा, आणि एकच ठरवावा. ‘मिस ठाणे हायवेज’ असा घाऊक किताब काढला तर त्याला कोणताही रस्ता आपला म्हणत नाही.

ठाण्यात पहिला मोह घोडबंदर रोडचा होतो आणि तो योग्यच आहे. माजिवडा, कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असे करत गायमुखच्या चढापर्यंत हा एकच रस्ता शाळेच्या बसचा, कार्यालयाला निघालेल्या दुचाकीचा, मेट्रोच्या कामावरच्या क्रेनचा आणि न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरचा आहे. एकाच डांबरावर इतक्या वेगवेगळ्या गरजा धावत असल्यामुळे स्पर्धकांना बोलण्यासारखे भरपूर मिळते, आणि कोंडीचा अनुभव नसलेला प्रेक्षक सभागृहात सापडत नाही.

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रोड मला अधिक श्रेयस्कर वाटतो. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे या पट्ट्यात एका बाजूला रेल्वे स्थानके आणि दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत असल्यामुळे पाळी सुटण्याच्या वेळी माणसांचा लोंढा रस्ता ओलांडतो आणि पादचाऱ्याचा प्रश्न तेथे दुचाकी-चारचाकीच्या प्रश्नाइतकाच मोठा होतो. पाम बीच मार्ग दिसायला देखणा आहे, कांदळवनाच्या कडेने जातो, छायाचित्रे उत्तम येतात; पण तेथे दुखणे मुख्यतः वेगाचे आहे, आणि वेगाचे दुखणे मंचावर मांडताना स्पर्धेचा सूर मोटारींच्या जाहिरातीकडे झुकण्याचा धोका असतो. तो सांभाळता येत असेल तर पाम बीचही चालेल.

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग कळंबोलीतून निघतो, अटल सेतू चिर्ल्याला उतरतो आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून तो भिवंडी तालुक्यात येऊन पोहोचला आहे. तीनही नावे भारदस्त आहेत आणि प्रायोजकांना आवडतील. तरीही स्थानिक किताबासाठी ती टाळावीत असे माझे मत आहे. द्रुतगती महामार्गावर आणि अटल सेतूवर दुचाकी, रिक्षा आणि पादचारी यांना मज्जाव आहे. ज्या रस्त्यावर स्पर्धक स्वतःच्या पायांनी उभी राहू शकत नाही, त्याचे प्रतिनिधित्व ती कोणत्या अनुभवावर करणार?

रस्ता ठरला की त्याचा मालक शोधावा, कारण निकालानंतर गाऱ्हाणे घेऊन जायचे कोठे हे त्यावर अवलंबून आहे. पाम बीच आणि ठाणे-बेलापूर रोड नवी मुंबई महापालिकेकडे आहेत. द्रुतगती महामार्ग आणि समृद्धी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे, तर अटल सेतू मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आहे. घोडबंदरसारख्या रस्त्यावर मुख्य मार्ग, सेवा रस्ता, उड्डाणपूल आणि मेट्रोचे काम यांचे धनी वेगवेगळे असू शकतात. म्हणून त्याचे तुकडे पाडून कोणता तुकडा कोणाचा याची लेखी चौकशी महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात आणि सार्वजनिक बांधकाम विभागात आधीच करून ठेवावी. ही चौकशी कंटाळवाणी आहे आणि स्पर्धेच्या कामातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे.

यानंतर रस्त्यासाठी एकच मागणी ठरवावी. अमुक चौकात पादचाऱ्यांचा सिग्नल अधिक वेळ राहावा, अमुक बसथांब्यावर दिवा लागावा, अमुक वळणावर पुसले गेलेले झेब्रा पट्टे पुन्हा रंगवावेत, इतकी ती नेमकी असावी. ‘रस्ते सुरक्षित व्हावेत’ ही मागणी कोणताही अधिकारी आनंदाने मान्य करतो आणि तिचे पुढे काहीही होत नाही.

किताबाचे नाव आणि पट्टा

नावात रस्ता तसाच यावा, जसा रिक्षावाला म्हणतो. द्रुतगती महामार्गाला यशवंतराव चव्हाणांचे नाव २००९ पासून आहे, पण प्रवासी त्याला ‘एक्सप्रेसवे’च म्हणतात, असाच नियम आपल्या रस्त्यालाही लावावा. ‘मिस’ हवे की ‘क्वीन’ की ‘सम्राज्ञी’, यावर मंडळाच्या सभेत एक संध्याकाळ सहज जाते. मला ‘घोडबंदर रोड सखी’ यासारखे नाव बरे वाटते, कारण त्यात विवाहित-अविवाहित हा प्रश्नच उरत नाही. ज्यांना ‘क्वीन’ हवे आहे त्यांनी तेही खुशाल ठेवावे. ‘श्रावण क्वीन’मुळे मराठी घरांत तो शब्द परका राहिलेला नाही. ‘मिस इंडिया’, ‘मिस युनिव्हर्स’ यांसारखी नावे मात्र त्या त्या आयोजकांच्या मालकीची आहेत; त्यांचा तुकडा आपल्या किताबात जोडू नये. शासकीय प्रकल्पाचे बोधचिन्हही परवानगीशिवाय वापरू नये.

दरवर्षी कोणीतरी ‘खड्डा क्वीन’ सुचवतो. टोमणा चांगला आहे आणि पावसाळ्यात एक दिवस बातमीही होईल, पण असा पट्टा घालून दुसऱ्या कार्यक्रमाला जायला एकही मुलगी तयार होणार नाही आणि ज्या अभियंत्याकडे वर्षभर खेटे घालायचे आहेत तो पहिल्याच दिवशी दुखावला जाईल.

पट्ट्याचा रंग रस्त्याकडूनच घ्यावा. आपल्याकडे किलोमीटरच्या दगडाचा माथा राष्ट्रीय महामार्गावर पिवळा, राज्य मार्गावर हिरवा आणि ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर नारिंगी असतो. मुंबई-नाशिक महामार्गाचा किताब असेल तर पिवळा-पांढरा पट्टा, राज्य मार्गाचा असेल तर हिरवा-पांढरा, असे केले की पट्टा पाहून कोणीतरी रंगाचे कारण विचारतेच आणि विजेतीला बोलायला विषय मिळतो. पालिकेच्या रस्त्यासाठी आयोजकांनी या तिन्हींव्यतिरिक्त आपला रंग ठरवावा. अक्षरे ठळक देवनागरी असावीत आणि दोन्ही कडांना प्रकाश परावर्तित करणारी पट्टी शिवून घ्यावी. ती हार-तुऱ्यांच्या दुकानात मिळत नाही, सुरक्षा जॅकेट विकणाऱ्यांकडे मिळते.

स्पर्धक कोण

वयाची किमान अट अठरा वर्षे ठेवावी आणि ती कागदपत्र पाहूनच मान्य करावी. कमाल अट ठेवू नये. उंची, वजन, वर्ण यांचा रकाना अर्जात नसावा. त्याऐवजी ‘या रस्त्याने आपण आठवड्यातून किती वेळा, कशाने आणि कोठून कोठे जाता’ हा प्रश्न पहिला असावा. याच प्रश्नामुळे स्पर्धा खुलते, कारण मग महाविद्यालयीन मुलींच्या बरोबरीने टीएमटी या ठाणे पालिकेच्या बससेवेतली वाहक, एनएमएमटी या नवी मुंबई पालिकेच्या बसने रोज तुर्भ्याला जाणारी कामगार, रिक्षा चालवणारी, वाहतूक शाखेतली शिपाई, पहाटे रस्ता झाडणारी आणि नातवाला शाळेत सोडणारी आजी अशा सर्वजणी पात्र ठरतात. त्यांच्यापर्यंत अर्ज पोहोचवण्यासाठी समाजमाध्यमांवर विसंबू नये. आगाराच्या फलकावर, रिक्षा थांब्यावर, कारखान्याच्या फाटकावर आणि सोसायटीच्या नोटीसबोर्डावर कागद चिकटवावा, अर्थातच संबंधितांना विचारून.

प्रवेशशुल्क घेऊ नये. सौंदर्यस्पर्धेच्या नावाखाली मुलींकडून नोंदणी, पोर्टफोलिओ आणि ग्रूमिंगचे पैसे उकळण्याचे प्रकार इतके घडतात, की शुल्क दिसताच शहाणे पालक मागे सरतात. निवडफेरी संस्थेच्या कार्यालयात, दिवसाउजेडी, सोबत कोणालाही आणण्याची मुभा ठेवून घ्यावी. नर्तक, सूत्रसंचालक, छायाचित्रकार यांच्याकडून त्रास झाल्यास तक्रार कोणाकडे करायची हे नाव आणि क्रमांकासह अर्जावरच छापावे.

पुरुषांसाठी वेगळा किताब ठेवावा काय, असा प्रश्न येतो. ठेवावा. रस्त्यावरचा बेदरकारपणा बहुतांशी पुरुषांच्या हाती असतो.

फेऱ्या आणि गुण

पोहण्याच्या पोशाखाची फेरी येथे कोणी सुचवणार नाही, तरीही इतिहास माहीत असावा: १९६८ मध्ये ॲटलांटिक सिटीत स्त्रीवाद्यांनी ‘मिस अमेरिका’विरोधात मेंढीला मुकुट घालून निदर्शने केली, आणि १९९६ मध्ये बेंगळुरूच्या ‘मिस वर्ल्ड’ स्पर्धेला इतका विरोध झाला की ती फेरी सेशेल्सला हलवावी लागली. शरीर मोजणाऱ्या स्पर्धेवर आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. आपल्या स्पर्धेत त्याला जागाच राहू नये अशी फेऱ्यांची आखणी करावी.

पहिली फेरी ओळखीची. प्रत्येकीने दोन मिनिटांत स्वतःची आणि रस्त्यावरच्या एका ठिकाणाची ओळख करून द्यावी. पूर्ण रस्त्याविषयी बोलायला लावले तर भाषण होते. मानपाड्याचा चौक किंवा रबाळे नाका इतकेच दिले तर तपशील येतात.

दुसऱ्या फेरीत पोशाख असावा, पण तो रस्त्याचा. नऊवारी, पंजाबी पोशाख, गणवेश, जीन्स, जे स्पर्धक एरवी प्रवासात वापरते तेच तिने सुरक्षिततेच्या दृष्टीने सजवून घालावे. पदर आणि ओढणी दुचाकीच्या चाकात जाऊ नये म्हणून ती काय करते, अंधारात दिसावे म्हणून काय जोडते, याचे गुण द्यावेत. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी, नथ, फेटा आणि बुलेट असा थाट ठाणे-डोंबिवलीत दरवर्षी दिसतो आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र छापून येतात. त्यांत हेल्मेट फार क्वचित दिसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तीला हेल्मेटमधून सूट आहे, आपल्या फेट्याला नाही. जी स्पर्धक नऊवारीवर आयएस ४१५१ या भारतीय मानकाचे चिन्ह असलेले हेल्मेट झोकात घालून येईल तिला या फेरीत पूर्ण गुण द्यायला माझी हरकत नाही.

तिसरी फेरी प्रश्नांची आणि तीच निर्णायक असावी. ‘जगात शांतता कशी नांदेल’ या जातीचे प्रश्न बाजूला ठेवून प्रसंग द्यावा. समजा, सायंकाळी सात वाजता ठाणे-बेलापूर रोडवर तुमच्यासमोर दुचाकी घसरली आहे, चालक बेशुद्ध आहे आणि मागून डंपर येत आहे. तुम्ही काय कराल? चांगल्या उत्तरात क्रम असतो: आधी स्वतः सुरक्षित जागी थांबणे आणि मागच्या वाहनांना सावध करणे, मग १०८ किंवा ११२ ला फोन करून जवळची खूण नेमकी सांगणे, जखमीचे हेल्मेट ओढून न काढणे, त्याला पाणी न पाजणे आणि धोका नसेल तर हलवण्याची घाई न करणे. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आहे हे सांगणारीला अधिकचा गुण द्यावा. मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीवर काय सांगाल, हा दुसरा प्रश्न हमखास ठेवावा. कारण २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४अ आले आणि सद्भावनेने मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे सभागृहातल्या बहुतेकांना त्या रात्रीच प्रथम कळते. चिन्हांवरचे प्रश्न सोपे वाटतात आणि तेथेच फजिती होते: त्रिकोणी फलक धोक्याचा इशारा देतो, गोल फलक आज्ञा देतो आणि निळा चौकोनी फलक माहिती देतो, एवढे तरी प्रत्येकीला यावे. त्यासाठी अंतिम फेरीपूर्वी वाहतूक शाखेच्या किंवा आरटीओच्या प्रशिक्षकाचे एक सत्र ठेवले, तर स्पर्धेत न निवडल्या गेलेल्या मुलीही काहीतरी घेऊन घरी जातात.

शंभरपैकी चाळीस गुण प्रसंगाच्या उत्तराला, तीस रस्त्याच्या जाणकारीला, वीस वर्षभराच्या आराखड्याला आणि दहा मंचावरच्या वावराला, अशी विभागणी मी सुचवीन. मंचावरच्या वावराला शून्य गुण ठेवण्याचा सोवळेपणा करू नये. शेवटी ही सौंदर्यस्पर्धा आहे, आणि प्रेक्षक झगमगाट पाहायला आले आहेत हे मान्य केलेले बरे. परीक्षक म्हणून हाडांच्या विकारांचा डॉक्टर, वाहतूक पोलीस अधिकारी, नाट्यक्षेत्रातली व्यक्ती आणि त्या रस्त्यावर गाडी चालवून पोट भरणारी एक स्त्री, असे चौघे पुरेत. नगरसेवक, बिल्डर आणि देणगीदार यांना पहिल्या रांगेत बसवावे, गुणपत्रिका देऊ नये.

जागा, परवानग्या, पैसा

कार्यक्रम रस्त्यावर घेऊ नये. रस्त्याच्या भल्यासाठी रस्ता अडवणे हे ठाणेकर माफ करीत नाहीत, आणि त्या कोंडीत एखादी रुग्णवाहिका अडकली तर किताबाची लाज निघेल. ठाण्यात राम गणेश गडकरी रंगायतन किंवा डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह ही पालिकांची सभागृहे आहेत. त्यांच्या तारखा नाटकवाल्यांकडे आधीच गेलेल्या असतात, म्हणून जागेचा अर्ज सर्वांत आधी टाकावा. मैदानात मांडव घालायचा झाल्यास पालिका, अग्निशमन दल आणि स्थानिक पोलीस ठाणे अशा तिघांकडे जावे लागते आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. चित्रपटगीते वाजवणार असाल तर त्यांचा परवाना वेगळा घ्यावा लागतो.

परवानगीशिवाय फ्लेक्स लावू नये. विद्रुपीकरण प्रतिबंधाचा कायदा १९९५ पासून आहे. रस्त्याच्या स्पर्धेची जाहिरात दुभाजकावरच्या दिव्याच्या खांबाला लटकलेली दिसली, तर विजेतीला पहिला प्रश्न त्याचाच विचारला जाईल. त्याऐवजी ‘मिस सबवेज’चा धडा गिरवावा आणि टीएमटी किंवा एनएमएमटीच्या बसमधली जाहिरातीची जागा रीतसर भाड्याने घ्यावी. एक छायाचित्र, नाव, ती कोणत्या थांब्यावरून चढते, काय काम करते आणि रस्त्यासाठी काय मागते, एवढा मजकूर पुरतो.

प्रायोजक टायर, हेल्मेट, चष्मा, विमा, रुग्णालय यांपैकी मिळाले तर उत्तम. मद्याचा आणि मद्य विकणाऱ्या हॉटेलचा पैसा कोणत्याही वेशात घेऊ नये. बक्षीस म्हणून दुचाकी द्यायची झाली तर विजेतीकडे परवाना आहे काय ते आधी पाहावे.

छायाचित्रांबद्दल एक कडक नियम: चालत्या रस्त्यावर, दुभाजकावर किंवा उड्डाणपुलाच्या कठड्यावर चित्रण होणार नाही. पादचारी पूल, बसथांबा, पदपथ, सेवा रस्त्याकडेचा झाडाखालचा कट्टा यांवर रस्ता मागे ठेवून उत्तम छायाचित्रे निघतात. पाम बीचवर सूर्यास्ताच्या वेळी दुभाजकात उभे राहण्याचा हट्ट छायाचित्रकार हमखास धरतो. त्याला तेथून सरळ घरी पाठवावे.

मुकुटानंतरचे वर्ष

अंतिम फेरीपूर्वीच सर्व स्पर्धकांना एक साध्या मराठीतला करार वाचायला द्यावा. वर्षात जास्तीत जास्त किती कार्यक्रम, प्रवासखर्च कोण देणार, नोकरीतून सुटी न मिळाल्यास काय, छायाचित्र कोठे व किती काळ वापरले जाईल, किताब मध्येच सोडायचा असल्यास कसा सोडावा आणि प्रायोजकाच्या दुकानाच्या उद्घाटनाला जाणे बंधनकारक नाही, या गोष्टी त्यात याव्यात. छायाचित्राची संमती लेखी घ्यावी आणि ती मागे घेण्याचा हक्कही लिहून द्यावा.

विजेतीचे मुख्य काम महिन्यातून एकदा रस्त्याची फेरी हे असावे. सोबत मंडळाचे दोन स्वयंसेवक, हातात वही आणि ठरलेली तीच ठिकाणे: कोठे खड्डा बुजवला, कोठे पुन्हा पडला, कोणता दिवा बंद आहे, कोणता फलक झाडाच्या फांदीआड गेला. प्रत्येक नोंदीला तारीख, जवळची खूण आणि छायाचित्र जोडावे आणि ती रस्त्याच्या मालकाकडे देऊन आवक क्रमांक घ्यावा. पट्टा घातलेली व्यक्ती कार्यालयात आली की निदान खुर्ची मिळते, आणि शिपायापासून अभियंत्यापर्यंत सर्वजण पट्ट्यावर काय लिहिले आहे ते वाचतात. किताबाचे वजन जे काही आहे ते येथे खर्च करावे. उरलेला वेळ शाळांत जावे. लहान मुलांना मुकुटाचे कौतुक असते आणि चार वर्षांवरील मुलालाही दुचाकीवर हेल्मेट लागते हे एकदा त्यांच्या डोक्यात बसले, की घरच्यांची सुटका नसते.

सहा महिन्यांच्या नोंदी जमल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे लेखी विनंती करून बैठकीत दहा मिनिटे मागावीत. तेथे पट्टा घालून जावे, मुकुट घरी ठेवावा, आणि सुरुवातीला ठरवलेली एकच मागणी नोंदींसह मांडावी. मागणी मान्य झाली तर पुढच्या वर्षी त्याच रस्त्यासाठी दुसरी मागणी घ्यावी. ती अपुरी राहिली तर नव्या विजेतीला पट्ट्याबरोबर जुन्या वह्या, आवक क्रमांकांची यादी आणि कोणत्या कार्यालयात कोणत्या वारी साहेब भेटतात याची टिपणे सुपूर्द करावीत, आणि तिच्या पहिल्या फेरीला जुन्या विजेतीने सोबत चालावे.